बीडीएस झालं, पण खुर्चीजवळ जावंसं वाटत नाही : आता कोणता कोर्स करू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विट्याजवळच्या गावातली २५ वर्षांची मुलगी. खाजगी कॉलेजातून बीडीएस, म्हणजे दंतवैद्यकाची पदवी केली, इंटर्नशिप संपून ८ महिने झाले. सांगलीत एका क्लिनिकमध्ये असिस्टंट म्हणून महिना १२ हजारांवर काम करते. सकाळी क्लिनिकला निघताना पोटात गोळा येतो. वडील तमिळनाडूत गलाईच्या, म्हणजे जुनं सोनं गाळण्याच्या धंद्यात आहेत. मुलीच्या क्लिनिकसाठी त्यांनी १० लाख बाजूला ठेवले आहेत. ती विचारते : "एमबीए करू, हॉस्पिटल मॅनेजमेंट करू, एमपीएससी करू की मेडिकल कोडिंगचा कोर्स करू? माझी ५ वर्षं वाया गेली का? आणि हे घरी कसं सांगू?"

तुम्ही माझ्या भाचीच्या वयाच्या आहात, पण प्रश्न मोठ्या माणसाचा आहे, त्यामुळे उत्तरही तसंच देते. मी स्वतः बीडीएस. १९९९ साली पास झाले, सांगलीत ५ वर्षं क्लिनिक चालवलं आणि २००५ मध्ये बंद केलं. पुढे पुण्यात आरोग्यविम्याच्या दाव्यांच्या टेबलावर ७ वर्षं काढली आणि मग मिरजेत एका हॉस्पिटलच्या कामकाजात आले. गेली १२ वर्षं बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी, नर्सिंग झालेली मुलं-मुली माझ्याकडे येऊन बसतात. बहुतेकांचं पहिलं वाक्य तुमच्यासारखंच असतं : मॅडम, आता कोणता कोर्स करू?

तुमची यादी पुन्हा एकदा वाचा. एमबीए, हॉस्पिटल मॅनेजमेंट, एमपीएससी, कोडिंगचा कोर्स. चारही ठिकाणी प्रवेश आहे, फी आहे, परीक्षा आहे. रोज सकाळी उठून करायचं काम एकाही ठिकाणी लिहिलेलं नाही. तुमचं चुकलंय असं मी म्हणत नाही. आपल्याकडे हुशार मुलांना दहावीपासून एकच वाट दाखवली जाते, ती म्हणजे पुढची ॲडमिशन. एका ॲडमिशनने फसवलं की दुसरी सोडवेल असं वाटतं. मला जे सांगायचंय ते एवढंच आहे : आधी काम जवळून बघा, थोडं करा, आणि कोर्स त्यानंतर, तोही लागलाच तर. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवतीच आहे.

हे मी पुस्तकी सांगत नाही. क्लिनिक बंद करण्याच्या आधीच मी घाईघाईने मॅनेजमेंटच्या एका पोस्टल डिप्लोम्याला पैसे भरले होते. २ वर्षं रविवार त्यात घालवले. पुढे पुण्यात मुलाखत झाली, तेव्हा त्या डिप्लोम्याबद्दल कुणी एक प्रश्नही विचारला नाही. समोर एक डिस्चार्ज कार्ड आणि बिल ठेवलं आणि म्हणाले, यात न जुळणारं काय आहे ते सांगा. पेशंटला दाखल केलं होतं तापासाठी आणि बिलात औषधं होती आधीपासूनच्या मधुमेहाची. ते मला दिसलं, कारण बीडीएसच्या दुसऱ्या वर्षाला फार्माकोलॉजी होतं आणि तिसऱ्या वर्षाला जनरल मेडिसिन. नोकरी त्या पदवीने दिली, जिच्यापासून मी पळत होते. तसा काळही जुळून आला होता. २००१ साली विमा नियामकाने टीपीए, म्हणजे विमा कंपन्यांच्या वतीने दावे तपासणाऱ्या कंपन्यांसाठी नियम केले आणि त्यानंतर पुण्या-मुंबईत डॉक्टरांसाठी टेबलावरच्या जागा निघू लागल्या. पण ते काम कुठे आणि कसं चालतं हे मला कुठल्याही कोर्सने सांगितलं नव्हतं. माझ्या एका जुन्या पेशंटचा मुलगा तिथे होता, त्याने सांगितलं.

आता तुमच्या पोटातल्या गोळ्याकडे येऊ. तुम्ही लिहिलंय, "मला डेंटिस्ट्री आवडत नाही." हे वाक्य मोठं आहे आणि त्याच्या पोटात तीन वेगवेगळी वाक्यं असू शकतात. एक, मला हे हाताचं काम आवडत नाही : तोंडात वाकून बघणं, रक्त-लाळ, आरसीटीची (रूट कॅनालची) अर्धा-पाऊण तासाची एकाग्रता. दोन, मला ही जागा आवडत नाही : हे सर, हा १२ हजारांचा पगार, पेशंटसमोर होणारी बोलणी. तीन, मला पुढचं चित्र आवडत नाही : १० लाख घालून विट्यात क्लिनिक टाकायचं, रस्त्यावर आधीच पाच पाट्या, पेशंट आला नाही तर काय. या तिन्हींवरचे उपाय एकमेकांशी जुळत नाहीत. दुसऱ्या दुखण्यावर पहिल्याचं औषध दिलं की माणूस नाहक पदवी सोडतो आणि नवीन ठिकाणीही तसेच सर भेटतात.

म्हणून माझ्याकडे आलेल्या प्रत्येकाला मी एक शंभर पानी वही घ्यायला लावते. २१ दिवस. प्रत्येक कामानंतर दोन ओळी : काय केलं आणि अंगात काय झालं. "आजचा दिवस वाईट गेला" असं लिहायचं नाही, त्यातून काही हाती लागत नाही. "साडेअकरा, खालच्या दाढेचं आरसीटी, सर मागे उभे होते, हात गार पडले" असं लिहायचं. "साडेबारा, तसंच आरसीटी, सर बाहेर गेलेले, काही झालं नाही" असं लिहायचं. या दोन ओळी एकाच पानावर आल्या, तर तुमची अडचण दातांशी नाही हे तुम्हालाच दिसेल, मला सांगावं लागणार नाही. आणि उलटही होतं. सर चांगले, पैसे बरे, पेशंट हसून जातोय आणि तरी प्रत्येक ओळीत "कधी संपेल" असं लिहिलेलं असतं. मग तिथे थांबण्यात अर्थ नाही.

चांगलं वाटलेलंही तितक्याच काटेकोरपणे लिहा. ते लिहायचं बहुतेक जण विसरतात. एका मुलीच्या वहीत तीन आठवड्यांत एकच आनंदाची गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती : मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड दातांना लावणाऱ्या बायकांशी बोलणं. आपल्याकडे गावोगाव आज्या आणि काकू सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात, ती सुटता सुटत नाही. ही मुलगी चेअरवर कंटाळायची, पण एखादी आजी आली की वीस मिनिटं बोलत बसायची आणि सरांचा ओरडा खायची. तिला मी म्हटलं, तुझा ओरडा खाण्याचा विषय हाच तुझा विषय आहे. आज ती तंबाखू नियंत्रणाच्या सरकारी कामात आहे, शाळाशाळांतून फिरते. बीडीएसमुळेच तिला ती जागा मिळाली, कारण तोंडातला पांढरा चट्टा बघून कधी काळजी करायची हे तिला कळतं. सार्वजनिक आरोग्यातली एमपीएच पदवी तिने घेतली, पण दोन वर्षं हे काम केल्यावर. त्यामुळे वर्गात शिकवत होते ते तिला रोजच्या कामातलं वाटत होतं.

दुसरा मुलगा जतचा, बीएएमएस. "मला वैद्यकीच नको, एमपीएससीचा फॉर्म भरतो" म्हणून आला. वही लिहायला लावली. त्यात सगळे काळे दिवस हे रात्रपाळीचे निघाले. एका खाजगी हॉस्पिटलात तो आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर होता, आठवड्याला चार रात्री अतिदक्षता विभागात एकटा. त्याला वैद्यकी नको नव्हती, त्याला झोप हवी होती. आता तो आपल्या गावात ओपीडी करतो, सुखात आहे. त्याने तेव्हा पुण्याची अभ्यासिका गाठली असती तर किती वर्षं गेली असती कोण जाणे.

तिसरी गोष्ट सांगायला मला अवघड जाते, कारण तो मुलगा माझ्याकडे आधी आला होता आणि मी तेव्हा त्याला पुरेसं थांबवलं नाही. बीडीएसनंतर त्याने थेट हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनला प्रवेश घेतला, घरच्यांनी पुन्हा कर्ज काढलं. त्याला पेशंटचं रडणं, नातेवाइकांचा राग सहन होत नव्हता, म्हणून त्याला टेबलावरचं काम हवं होतं. पण हॉस्पिटलच्या व्यवस्थापनात नवीन माणसाला पहिली जागा मिळते ती बिलिंग काउंटरच्या मागे, आणि तिथे काय असतं? रात्री दोन वाजता बिलावरून चिडलेले नातेवाईकच असतात. ज्यापासून तो पळाला, तेच त्याच्या वाट्याला आलं, फक्त पांढऱ्या कोटाशिवाय. एक आठवडा जरी तो एखाद्या हॉस्पिटलच्या ऑफिसात बसला असता तरी त्याला हे दिसलं असतं.

म्हणून तुमच्या यादीतल्या गोष्टींचा दिवस कसा असतो तेवढं सांगते. कोर्सची माहिती तुम्हाला कुठेही मिळेल.

मेडिकल कोडिंग म्हणजे अमेरिकेतल्या पेशंटचा कागद वाचून त्यातल्या प्रत्येक आजाराला आणि उपचाराला ठरावीक कोड लावणं. तिकडे २०१५ पासून आयसीडी-१० ची पद्धत लागू आहे, आजारांचेच सुमारे ७० हजार कोड आहेत. दिवसभर पडदा, रोजचं ठरलेलं उद्दिष्ट आणि ९५ टक्क्यांच्या आसपास अचूकतेची अपेक्षा. माणसांशी बोलणं जवळपास नाही. काहींना यात शांतता मिळते, काहींचा सहा महिन्यांत जीव गुदमरतो. जो क्लास "नोकरीची शंभर टक्के हमी" म्हणून आधी मोठी फी मागतो, त्याला पैसे देऊ नका. सीपीसी ही परीक्षा महत्त्वाची मानतात, पण अनेक कंपन्या आरोग्यशाखेच्या पदवीधरांना स्वतः शिकवून घेतात. आधी तिथे अर्ज करा.

विम्याच्या दाव्यांचं काम मी केलंय, त्यामुळे त्याबद्दल जरा जास्त बोलते. इथे बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस सगळे चालतात. रोज डोळ्यांखालून कागद जातात : दाखल का केलं, चाचण्या काय सांगतात, उपचार त्याला धरून आहेत का, पॉलिसीत हे बसतं का. डोकं लागतं, भाषा लागते आणि प्रामाणिकपणा फार लागतो, कारण तुमच्या एका नकारावर कुणाच्या घरची पुंजी अवलंबून असते. वेळेचा ताण आहे. २०२४ पासून विमा नियामकाचा दंडक असा की कॅशलेसच्या (विमा कंपनीने हॉस्पिटलला परस्पर पैसे देण्याच्या) विनंतीवर १ तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर ३ तासांत निर्णय द्यायचा. मला हे काम आवडलं, कारण मला कोडी सोडवायला आवडतात आणि कुणाच्या तोंडात ड्रिल धरायला आवडत नाही. हे दोन्ही माझ्याबद्दल खरं होतं. तुमच्याबद्दल असेलच असं नाही.

औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवण्याचं काम, म्हणजे फार्माकोव्हिजिलन्स, तुमच्या यादीत नाही, पण असायला हवं. कुणाला औषधाने त्रास झाला की त्याची हकीकत नीट, क्रमाने लिहायची, ठरलेल्या शब्दसंग्रहात बसवायची आणि मुदतीत पाठवायची. गंभीर आणि अनपेक्षित परिणाम असेल तर १५ दिवसांच्या आत. ज्यांना केस हिस्टरी लिहायला आवडायची, त्यांना हे जमतं. पुण्यात, मुंबईत, हैदराबाद-बेंगळुरूत जागा निघतात.

आणि एक खास तुमच्या पदवीचं. पहिल्या-दुसऱ्या वर्षाला मेणाचे दात कोरायला तुम्हाला आवडत होतं का, हे आठवून बघा. आवडत असेल आणि फक्त जिवंत पेशंट नको असेल, तर संगणकावर क्राउन-ब्रिज, म्हणजे दातांच्या कॅप आणि जोडदात डिझाइन करणं, अलाइनरसाठी (दात सरळ करणाऱ्या पारदर्शक साच्यांसाठी) दात टप्प्याटप्प्याने कसे सरकतील ते आखणं ही कामं बीडीएस झालेल्यांनाही मिळतात. कित्येक मुलांना हे काम असतं हेच माहीत नसतं.

शिकवण्याचंही तसंच. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे असतात, त्यामुळे सांगली-कराड-कोल्हापूरच्या क्लासेसना जीवशास्त्र समजावून सांगणारी माणसं लागतात. शेजारच्या अकरावीच्या मुलीला महिनाभर शिकवून बघा, पैसे न घेता. तिसऱ्या दिवशीच कळतं.

एमपीएससीबद्दल मात्र वेगळं बोलावं लागेल. कुठल्याही शाखेची पदवी चालते, राज्यसेवेला खुल्या गटाला वयाची मर्यादा ३८ आहे, त्यामुळे तुमच्याकडे वेळ आहे. हीच तिची भुरळ आणि हाच धोका. इथे "थोडं करून बघू" होत नाही, २-३ वर्षं पूर्ण द्यावी लागतात आणि निकालाची खात्री कुणालाच नसते. मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, म्हणजे सलग लिहिण्याची सवय हवी. पण त्याहून आधीचा प्रश्न वेगळा आहे : तुम्हाला ते काम हवंय का? एक दिवस विट्याच्या तहसील कार्यालयात जाऊन बाकावर बसा. दाखले, जमिनीचे वाद, ताटकळलेली माणसं बघा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत घुसलं तेव्हा महसूलच्या माणसांनी रात्र-रात्र काय केलं ते कुणा जुन्या कर्मचाऱ्याला विचारा. ते ऐकून अंगावर काटा आला आणि "मला हे करायचंय" असं वाटलं, तर जरूर करा. नुसतं डॉक्टरकीतून सुटका हवी म्हणून मात्र करू नका. चिडलेली माणसं तिथेही रांगेत उभी असतात.

एमबीए मी शेवटी ठेवलंय, कारण त्यावर बोलायला फारसं नाही. चांगल्या संस्थेत प्रवेश मिळाला तर उत्तम, त्यासाठी कॅटचा प्रयत्न करा. पण कामाचा अनुभव नसताना, कुठेही मिळतंय म्हणून घेतलेलं एमबीए आरोग्यक्षेत्रात फार पुढे नेत नाही असं मी पाहिलंय.

हे सगळं जवळून बघायचं कुठे, असं तुम्ही विचाराल. तुम्ही सांगलीत आहात, यापेक्षा सोयीची जागा महाराष्ट्रात थोडी. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत हॉस्पिटल सुरू केलं, १९६२ साली सरकारी मेडिकल कॉलेज आलं, आणि आज सांगली-मिरजेच्या दहा-बारा किलोमीटरच्या पट्ट्यात इतकी हॉस्पिटलं आहेत की कर्नाटकातूनही पेशंट येतात. याच गोष्टीमुळे आपल्याकडे घरटी एकाला डॉक्टर व्हावंसं वाटतं, आणि याच गोष्टीचा तुम्हाला आता उपयोग करून घेता येईल. कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलात ओपीडीच्या पलीकडे चाला. विम्याचं टेबल असतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या कक्षात आरोग्यमित्र बसलेले असतात. मागे मेडिकल रेकॉर्डची खोली असते, गुणवत्ता तपासणीचं काम बघणारी एखादी मॅडम असते आणि ती पुष्कळदा नर्सिंग किंवा बीडीएस झालेली असते. ओळख काढा. आपल्या गावात दोन फोनमध्ये ओळख निघते. "मला नोकरी नको, दोन दुपारी बसून बघू द्या" म्हटलं तर दहातले सहा-सात जण हो म्हणतात. मी तरी हो म्हणते. कुणाचे खाजगी कागद हाताळायचे नाहीत, फोटो काढायचे नाहीत एवढं पथ्य पाळा.

परिस्थितीवर अवलंबून असलेल्या काही गोष्टी आहेत, त्या मला तुमच्या पत्रातून कळल्या नाहीत. शैक्षणिक कर्ज आहे का? असेल तर अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभराने हप्ते सुरू होतात, म्हणजे तुमच्या हातात थोडेच महिने आहेत. तसं असेल तर आहे ती नोकरी सोडून शोध घेऊ नका, अर्धवेळ करून घ्या. पुण्याला राहणं घरी चालेल का? नाही चाललं तर कोडिंग किंवा दुष्परिणामांच्या नोंदीची सुरुवात अवघड होते, कारण घरून काम बहुधा अनुभव आल्यावर मिळतं. घरात लग्नाची बोलणी सुरू आहेत का? स्थळं "डॉक्टर मुलगी" म्हणून येत असतील तर पहिल्याच भेटीत सांगून टाका की मी क्लिनिक चालवेनच असं नाही. जे त्यावर उठून जातील ते नंतरही तुम्हाला सुखाने राहू देणार नाहीत.

आणि एक गोष्ट अगदी मनापासून विचारते. हा गोळा रविवारीही येतो का? झोप उडाली आहे का, जेवण जात नाही का, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टीही नकोशा झाल्यात का, जगणंच नको असं मनात येतं का? यातलं काही दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर करिअरचा निर्णय बाजूला ठेवा आणि आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. जगणं नको असं वाटत असेल तर मात्र दोन आठवडे थांबू नका, आजच फोन करा आणि घरच्या कुणाला तरी जवळ बसवा. औदासीन्यात घेतलेला निर्णय आजाराचा असतो, आपला नसतो. मी स्वतः २००४ मध्ये हे चार महिने टाळलं आणि ते चार महिने माझ्या आईने माझ्यासाठी फार सोसले.

आता "५ वर्षं वाया गेली का" याचं उत्तर. गेलेले पैसे आणि गेलेली वर्षं परत येणार नाहीत, तुम्ही चेअरवर उभ्या राहिलात तरीही येणार नाहीत. त्यामुळे "एवढा खर्च झालाय म्हणून" हे कारण निर्णयातून काढून टाका. प्रश्न फक्त पुढच्या वर्षांचा आहे. पण हातात काही उरलं नाही असंही नाही. अनोळखी माणसाकडून दहा मिनिटांत खरी हकीकत काढून घेणं तुम्हाला येतं. एक्स-रे वाचता येतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या पेशंटचा दात काढण्याआधी काय विचारायचं ते माहीत आहे. कॉलेजात ठरवून दिलेला पेशंटांचा कोटा पूर्ण करायला बसस्टँडवरून, गावातून पेशंट शोधून आणलेत, म्हणजे माणसांना पटवणंही येतं. पांढरा कोट काढून ठेवला म्हणून हे कुठे जात नाही.

म्हणूनच एक आग्रह : राज्य दंत परिषदेची नोंदणी चालू ठेवा, नूतनीकरण चुकवू नका. विम्याच्या कामात नोंदणी क्रमांक विचारतात, आणि उद्या मन पालटलं तर परतीची वाट मोकळी राहते. मन पालटतं. माझ्याकडून गेलेल्यांपैकी काही जण वर्षा-दोन वर्षांनी क्लिनिकमध्ये परतले, या वेळी स्वतःच्या मर्जीने, आणि चांगलं करताहेत.

तुमच्या जागी मी असते तर पुढचे ६ महिने असे घालवले असते. पहिले २१ दिवस वही. ती जर सरांकडे आणि पगाराकडे बोट दाखवत असेल तर कोर्सबिर्स काही नाही, आधी क्लिनिक बदलायचं आणि ३ महिने दुसऱ्या डॉक्टरांकडे काम करायचं. एका क्लिनिकवरून अख्ख्या दंतवैद्यकाची पारख होत नाही. वही हाताच्या कामाकडेच बोट दाखवत असेल, तर आठवड्यातले ३ दिवस क्लिनिक आणि उरलेल्या दिवसांत दोन कामं जवळून बघायची, दोनच, सात नाहीत. त्यातलं जे काम घरी आल्यावरही डोक्यात घोळत राहील, तिथे सुरुवातीच्या जागेसाठी अर्ज करायचे, पगार थोडा असला तरी. आणि तिथे वर्षभर काम केल्यावर ज्या पदवीवाचून पुढचं पाऊल अडतंय असं दिसेल, तीच पदवी घ्यायची. एमपीएच असो, हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन असो, तीन वर्षांचं कायद्याचं शिक्षण असो. १९९५ पासून डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली येते, त्यामुळे वैद्यकातलं कळणारे वकीलही लागतात. पण ते नंतरचं.

राहिला शेवटचा प्रश्न, घरी कसं सांगू. फोनवर सांगू नका. वडील इतक्या लांब आहेत, फोनवर त्यांना फक्त "नको" एवढंच ऐकू येईल आणि रात्रभर झोप लागणार नाही. आईला आधी सांगा, सगळं नाही, पोटात गोळा येतो एवढं. बाकीचं वडील गावच्या जत्रेला किंवा दिवाळीला येतील तेव्हा. तोवर तुमची वही झालेली असेल. सोबत एका पानावर हिशेब लिहा : पुण्यात ६ महिने राहिले-खाल्ले तर किती, क्लिनिक टाकून ते दोन वर्षांत बंद करावं लागलं तर किती. १० लाख मला नकोत, ते मुदत ठेवीत ठेवा, वर्षभराने पुन्हा बोलू, असं म्हणा. बापाला मुलीचा निर्णय पटायला वेळ लागतो, पण आपला पैसा सुरक्षित आहे आणि पोरीने हिशेब केलाय हे लगेच कळतं.

आणि तुम्हाला वाटतंय तितके ते या गोष्टीला परके नाहीत. खानापूर-आटपाडीकडच्या माणसांनी दुष्काळात रान सोडून मुलूखभर जाऊन जुनं सोनं गाळायचं काम धरलं, ते काही कोर्स करून नाही. आधी कुणा नातेवाइकाच्या, गाववाल्याच्या दुकानात राहायचं, भट्टीपाशी बसायचं, हात भाजून घ्यायचे, काम अंगात मुरलं की मग आपली पाटी लावायची. तेव्हा वही लगेच पुढे करू नका. जेवणं झाली की त्यांना विचारा, दादा, तुम्ही पहिल्यांदा गाव सोडलंत तेव्हा कुणाच्या दुकानात होतात, आणि हे काम आपल्याला जमणार हे किती दिवसांनी कळलं? त्यांना बोलू द्या, मधे थांबवू नका. त्यांचं सांगून झालं की मग वही काढा.